राजापूर दोन तासांत उरकत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण कोकण सहलीचा तीन दिवसांचा आराखडा छापला. पहिला दिवस गणपतीपुळे, दुसऱ्या दिवशी सकाळी 'वाटेत संगमेश्वर', दुपारी 'राजापूर (दोन तास)', रात्री मुक्काम विजयदुर्ग. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. सगळी नोकरी केबिनमध्ये बसून गाड्या वेळेत काढण्यात गेली, त्यामुळे असा तक्ता दिसला की हात आपोआप पेनाकडे जातो. गणपतीपुळ्याहून राजापूरला निघालेल्या माणसाला संगमेश्वर वाटेत लागत नाही. निवळीला महामार्ग गाठायचा आणि दक्षिणेकडे वळायचं, संगमेश्वर राहतं उत्तरेला. म्हणजे आधी उलट जायचं आणि मग त्याच रस्त्याने परत खाली यायचं. बरं, हौस म्हणून तेही केलं समजा. पण राजापुरात दोन तासांत करणार काय? गाडी लावायला जागा शोधायची, चहा घ्यायचा, धूतपापेश्वराला हात जोडायचे, पुलावर उभं राहून फोटो काढायचा आणि 'राजापूर झालं' म्हणायचं. झालं ते राजापूर नव्हे.

नुसत्या चुका काढण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. नेमक्या याच दोन गावांतून एक निवडायचा प्रश्न मध्यंतरी आमच्या घरी आला होता, आणि त्यावर आमच्याकडे बराच खल झाला. तो इतर वाचकांच्याही उपयोगी पडेल असं वाटलं.

माझे साडू डोंबिवलीला असतात. पंचाहत्तरी ओलांडलेली, पण चालायला खणखणीत. मेहुणीचा उजवा गुडघा मात्र दुखरा. त्यांना थंडीच्या दिवसांत चार-पाच दिवस कोकणात यायचं होतं, आणि आमच्या घरी नाही, स्वतंत्र. समुद्र नको, कारण समुद्र म्हटला की आता गाड्या, घोडे आणि भजीच्या टपऱ्या. मेहुणीने फोनवर सरळ सांगितलं, "भाऊजी, बघायला काही नको हो. बसायला पाहिजे. नदी असावी, चालत जाता येईल असा बाजार असावा आणि रात्री झोप लागावी." साडूंनी नकाशावर बोट ठेवून दोन नावं काढली होती, संगमेश्वर आणि राजापूर. कुठलं घ्यायचं ते मी सांगायचं.

मी लांज्याचा. लांज्याच्या बाजारातून नदी वाहत नाही, आणि ही दोन गावं आमच्या दोन बाजूंना, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. तेव्हा पंच म्हणून मी चालण्यासारखा.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोकणातल्या जुन्या पेठा बहुतेक समुद्रावर नाहीत, खाडीच्या शेंड्याला आहेत. भरतीचं पाणी जिथपर्यंत चढतं तिथवर गलबत यायचं, पुढे नदी उथळ. तिथे माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. चिपळूण झालं ते कुंभार्ली घाटामुळे, संगमेश्वरच्या डोक्यावर आंबा घाट, राजापूरच्या डोक्यावर अणुस्कुरा. वरून गूळ, धान्य, कापड खाली यायचं आणि खालून मीठ, खजूर, सुकी मासळी वर जायची. पुढे खाड्या गाळाने भरल्या, आगबोटी मोठ्या बंदरांना लागायला लागल्या, मग सडका झाल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरी झाली. व्यापार निघून गेला, पण गावाची ठेवण तशीच राहिली. मोठ्या पेठेसाठी बांधलेल्या गल्ल्या, दगडी घाट, देवळं, मशिदी, आणि त्यात वावरणारी माणसं थोडी. निवांतपणा म्हणतात तो या गावांना असा मिळाला आहे. कुणी पर्यटनासाठी आणून बसवलेला नाही.

आता संगमेश्वर. इथे बाहेरच्या माणसाची पहिली फसगत नावातच होते. महामार्गावर गाडी थांबते, स्टँड आहे, हॉटेलं आहेत, रिक्षा आहेत, ते संगमेश्वर म्हणजे नावडीची बाजारपेठ. तिथे खोली घेतलीत तर रात्रभर ट्रकचे हॉर्न ऐकायचे. महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झाल्यापासून तिथे धूळही काय कमी खाल्ली नाही लोकांनी. ज्याला निवांत राहायचं त्याने तिथून आत कसब्याला जावं. शास्त्री नदीच्या काठाने रस्ता आत जातो आणि थोड्याच अंतरात महामार्गाचा आवाज मागे पडतो. कसब्यात जुनी देवळं इतकी आहेत की काही झाडीत अर्धी बुडालेली दिसतात. कर्णेश्वराचं देऊळ त्यातलं मोठं. बाहेरून काळाभोर दगड, आणि आत सभामंडपात उताणं पडून छताकडे बघावं असं कोरीवकाम. उताणं पडून हे मी शब्दशः म्हणतो. उभ्याने मान दुखते आणि दोन मिनिटांत माणूस बाहेर पडतो. दुपारच्या वेळी तिथे फारसं कुणी नसतं, फरशी गार असते, पुजारीही काही बोलत नाहीत. आवारात सूर्याची मूर्ती आहे, ती बघायची राहू नये.

याच कसब्यात १६८९ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला संभाजी महाराजांना मुकर्रबखानाने पकडलं. तिथे महाराजांचं स्मारक आहे. हल्ली तरुण पोरं मोटारसायकली घेऊन येतात, घोषणा देतात, जातात. त्यात गैर काही नाही. पण मला विचाराल तर ती जागा कळायला सकाळी लवकर जाऊन नदीपर्यंत पायी उतरावं. दोन्ही बाजूंना डोंगर किती जवळ आले आहेत आणि वाट किती अरुंद आहे हे पायांना कळतं, तेव्हा इतिहासाच्या पुस्तकातलं ते पान वेगळं वाचता येतं.

संगमेश्वर एवढं शांत का, याचं एक कारण सरकारी आहे. तालुक्याचं नाव संगमेश्वर, पण तहसील कचेरी देवरुखला. सातबारा, दाखले, कोर्टकचेरी, सगळी वर्दळ तिकडे. आमच्या केबिनसमोर दर आठवड्याला एखादा तरी म्हातारा विचारायचा, "संगमेश्वर तालुक्याच्या कचेरीला जायचंय, संगमेश्वरला उतरू ना?" त्याला देवरुखच्या गाडीत बसवावं लागायचं. यामुळे संगमेश्वरला दुपारी बारानंतर बाजारात फारसं कुणी भेटत नाही. कुणाला हे आवडेल. मेहुणीला आवडलं नसतं. तिला बाजार हवा होता, आणि बाजार म्हणजे नुसती दुकानं नव्हेत, भाव करणारी माणसं.

संगमेश्वरची जमेची बाजू रेल्वे. 'संगमेश्वर रोड' स्टेशन गावाला लागून म्हणावं इतकं जवळ आहे. सामान घेऊन उतरलात की रिक्षाने पोचलात. गरम पाण्याचे झरे हवेत तर तुरळ आणि राजवाडी जवळ आहेत, आणि त्यातल्या झऱ्यावर पाय सोडून बसलं की दुखऱ्या गुडघ्याला औषध घ्यावं लागत नाही, असं आमची ही म्हणते. मार्लेश्वरला जायचं तर देवरुखवरून. गुहेतला महादेव, शेजारी धारेश्वरचा धबधबा. मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं, त्या दिवसांत मात्र निवांतपणाचं नाव काढू नये. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघेवाल्यांनी खालूनच नमस्कार करावा. देवाला चालतो.

पण या सगळ्यात नदी कुठे आहे? हाच माझा मुद्दा. संगमेश्वरात नदी आहे, दोन-दोन आहेत, शास्त्री आणि सोनवी, त्यांचा संगम आहे, पण गावाचं रोजचं जगणं नदीकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसलं आहे. नदी बघायला मुद्दाम जावं लागतं. शास्त्री खाली फुणगूसच्या बाजूला खाडी होऊन रुंदावते आणि पुढे जयगडला समुद्राला मिळते, तिथे ती खरी बघावी. गावात ती पुलावरून दिसते, आणि पुलावरून दिसलेली नदी ही बसमधून दिसलेल्या गावाइतकीच आपली.

राजापूरचं उलट आहे. महामार्ग आणि स्टँड वरच्या अंगाला, आणि खरं गाव खाली नदीच्या कुशीत. वरून गाडीतून जाणाऱ्याला ते दिसतसुद्धा नाही, म्हणूनच ते वाचलं असावं. उताराने खाली आलं की जवाहर चौक. इथे कोदवली नदी येऊन अर्जुनेला मिळते. पावसाळ्यात दोघींना एकदम पाणी आलं आणि वर खाडीला भरती असली की चौकात पाणी शिरतं. व्यापारी माल वरच्या फळ्यांवर चढवतात आणि दार लावून वाट बघतात. अलीकडे नदीपात्रातला गाळ उपसण्याचं काम झालं, त्याने फरक पडला असं दुकानदार सांगतात. तरी जून ते सप्टेंबर निवांत सहलीला राजापूर घेऊ नये. पूर बघायला जाणाऱ्यांना माझा सल्ला लागू नाही.

राजापूरचा इतिहास सांगायला बसलो तर पुरवणी पुरायची नाही. १६४९ च्या सुमारास इंग्रजांनी इथे वखार घातली. पन्हाळ्याच्या वेढ्यात इथल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली, आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर येऊन त्याचा हिशेब चुकता केला, वखारवाल्यांना कैद केलं. शाळेत हे सगळं एका ओळीत संपतं. बंदराच्या बाजूला उभं राहून मात्र प्रश्न पडतो, की समुद्रापासून इतक्या आत या लोकांना काय हवं होतं? उत्तर समोरच असतं. भरतीचं पाणी वर चढत असतं आणि पाठीमागे अणुस्कुऱ्याची दिशा असते.

आता राजापुरातला एक दिवस सांगतो. हा दिवस साडूंच्या मुक्कामातला. मी मधे एकदा सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत आलो, तेव्हाचा.

सकाळी बाजारात. राजापूरची जुनी पेठ अरुंद आहे, समोरासमोरची दुकानं एकमेकांशी बोलतात एवढी. घरं जांभ्याची, वर कौलं, पुढे लाकडी खांब. दोन घरांच्या मधून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी वर चढते, आणि ती कुठे जाते ते चढल्याशिवाय कळत नाही. मेहुणी पहिल्या पाखाडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी इथेच आहे." आम्ही वर जाऊन खाली येईपर्यंत ती शेजारच्या दुकानात स्टुलावर बसून राजापुरी पंच्यांचा ढीग उपसत होती. राजापुरी पंचा मुंबईत मिळत नाही असं नाही, पण दुकानदाराने एक पाण्यात बुडवून पिळून दाखवला, मग दुसरा, मग कुणाचा काठ पक्का आणि कुणाचा कच्चा यावर अर्धा तास गेला. घेतले किती ते सांगत नाही, पण आमच्या घरातही आता प्रत्येक खुंटीला एकेक आहे. सामान कुणी बांधून दिलं, घरी चहाला या म्हणून कुणी सांगितलं, नारळ कुठे चांगले मिळतात ते कुणी दाखवलं. तहसील कचेरी, कोर्ट, दवाखाने सगळं इथेच असल्यामुळे आसपासच्या गावांतली माणसं रोज उतरतात. त्यामुळे गाव जागं आहे, पण त्याला घाई नाही. दुपारी एक ते चार दुकानांच्या फळ्या लागतात. पुण्याची बदनामी उगाच झाली, आमच्याकडे सगळीकडेच झोपतात.

जेवायला खानावळीत तिसऱ्यांचं सुकं, भाकरी आणि सोलकढी. साडू शाकाहारी, त्यांना काळ्या वाटाण्याची आमटी आणि घावन. त्यांनी घावनाला आंबोळी म्हटलं, तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी पुढचं पानात टाकण्याआधी दोन्हींतला फरक समजावून सांगितला. फरक साडूंना कळला की नाही माहीत नाही. घावन मात्र त्यांनी परत मागितलं.

दुपारनंतर नदीवर. बंदराच्या बाजूला एक गृहस्थ पाग दुरुस्त करत बसले होते. पाग म्हणजे गोल फेकायचं जाळं, कडेला शिशाचे मणी ओवलेले. फाटलेला एक-एक डोळा ते सुताने भरत होते, दात दोऱ्याला लावून गाठ मारत होते, आणि मधेच पाण्याकडे बघत होते. साडू बँकेत होते, त्यांना माणूस काम करताना दिसला की हिशेब विचारायची खोड. "किती मिळतात दिवसाला?" ते गृहस्थ हसले. "आता काय नाय गावायचा. पानी फिरल्यावर बगू." मग आम्हीही बसलो. ओहोटीचं पाणी जात होतं, काठाचा चिखल उघडा पडत होता, त्यात खेकडे पळत होते. बराच वेळ काही झालं नाही. मग पाण्यावरचा पाचोळा जागच्या जागी थांबला, जरा वेळ गोल फिरला, आणि उलटा वर सरकायला लागला. ते उठले, पाग खांद्यावर घेतला, गुडघाभर पाण्यात उतरले. पहिल्या फेकीत पानं आणि एक खेकडा. दुसऱ्यात बोय, बोटाएवढे, पण उड्या मारणारे. साडूंनी घड्याळ बघितलं नाही, हे मी मुद्दाम बघितलं.

भरतीचं गणित साध्या माणसालाही जमतं. आज जी वेळ, उद्या ती साधारण पाऊण-एक तास पुढे. आम्ही एसटीत गाडी दहा मिनिटं पुढेमागे झाली की ओरडा खायचो. भरती रोज वेळ बदलते आणि तिच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, उलट सगळं गाव तिच्याप्रमाणे आपलं काम पुढे सरकवतं. चार दिवस राहिलं की हे अंगात भिनतं. दोन तासांत फार तर एवढंच कळतं, की आत्ता पाणी आहे किंवा नाही.

राजापूरची गंगा विसरून चालणार नाही. गावाबाहेर उन्हाळे म्हणून गाव आहे. पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आणि महालक्ष्मीचं देऊळ, वर चढून गेलं की चौदा कुंडं. एरवी ती कोरडी. पण दर काही वर्षांनी अचानक पाणी प्रकट होतं, गोमुखातून वाहायला लागतं, आणि आठवड्याभरात आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं लोटतात. दर तीन वर्षांनी यायची असा जुना परिपाठ, अलीकडे तेही गणित चुकतं. जमिनीच्या पोटातल्या कपारींत पाणी साठून वक्रनलिकेसारखं बाहेर पडत असावं, असं भूगोलाचे लोक सांगतात. आमच्या केबिनला फोन यायचे, "गंगा आली का हो? कधीपर्यंत आहे?" उशिरा सुटणाऱ्या गाडीची वेळही मी माइकवर सांगू शकायचो, या गाडीची कधीच सांगता आली नाही. साडू आले तेव्हा गंगा नव्हती. झरा होता. मेहुणी तिथे सकाळी दोन तास पाय बुडवून बसली आणि संध्याकाळी पाखाडीच्या पाचव्या पायरीपर्यंत गेली. याला पुरावा म्हणून काही देऊ शकत नाही, पण साडू तिथे होते.

धूतपापेश्वराला त्यांनी रिक्षा केली. देऊळ मृडानी नदीच्या काठी, शेजारी पाणी कड्यावरून खाली पडतं. थंडीत धार बारीक असते, पण आवाज पुरतो. तिथे गर्दी करणारा एकच वर्ग, शाळेच्या सहली. दहाच्या आत किंवा चारनंतर जावं.

राजापूरचं उणं पडणारं एक अंग सांगितलं पाहिजे. तिथे राहायची सोय बेताची आहे. लॉज आहेत, स्वच्छ मिळतात, पण खिडकीतून नदी दिसेल असं काही कुणी वचन देऊ नये. आणि पुरवण्यांत राजापूर येतं ते पुराच्या बातमीत नाहीतर प्रकल्पाच्या बातमीत. एकदा अणुऊर्जा, एकदा रिफायनरी. त्यावर कुणाची बाजू घ्यायला हे पत्र नाही. पण त्यामुळे लोकांना वाटतं तिथे सारखे मोर्चे असतात. तसं नाही. ती गावं वेगळी, खाडीच्या तोंडाकडची आणि सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळमाळावरची. राजापूरच्या पेठेत संध्याकाळी लोक केळ्यांच्या भावावर भांडतात.

तर मी साडूंना राजापूर सांगितलं, आणि अजूनही तेच सांगीन. गुडघा दुखरा आहे म्हणून सपाट गाव घ्या, हा सल्ला वरवर बरोबर वाटतो. पण चार दिवस सपाट रस्त्यावर माणूस फेऱ्या मारून कंटाळतो. बसायला जागा, बघायला माणसं आणि हलतं पाणी असलं की चालावंच लागत नाही. ज्यांना मुळीच बोलायचं नाही, पुस्तकं घेऊन यायचं आहे, देवळाच्या सावलीत दुपार काढायची आहे, त्यांनी खुशाल कसब्याला जावं. माझे एक जुने वाहक मित्र तसे आहेत. त्यांना मी राजापूर सुचवलंच नाही.

यायचं कसं, हेही लिहितो, कारण आराखड्यात ते नाही. स्वतःची गाडी असेल तर प्रश्न नाही, पण गाडी असली की माणूस 'जवळच आहे, जाऊन येऊ' म्हणून रोज शंभर किलोमीटर हिंडतो आणि निवांतपणा संपतो. आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य, सगळंच जवळ वाटायला लागतं. साडू गाडी न घेता आले. रत्नागिरी स्टेशनला उतरले, रिक्षाने स्टँड, तिथून हातखंबा, पाली, लांजे करत राजापूर. लांज्याला मी डबा घेऊन उभा होतो. साडूंना पंचाहत्तरीपुढचे म्हणून २०२२ पासून तिकीटच नाही, मेहुणीला बायकांचं म्हणून २०२३ पासून अर्धं. दोघांचं मिळून अर्ध्या तिकिटात राजापूर. साडूंनी हे डोंबिवलीत सगळ्यांना सांगितलं आहे.

आणखी एक, आमच्या धंद्यातली गोष्ट. प्रत्येक आगारातून संध्याकाळी काही गाड्या मुक्कामाला जातात, म्हणजे एखाद्या गावात रात्रभर उभ्या राहून पहाटे परत येतात. शहरातल्या माणसाला ही गाडी गैरसोयीची वाटते. निवांत हिंडणाऱ्याला हिच्यासारखी सोय नाही. गावात कुणी ओळखीचं असेल तर संध्याकाळी जावं, जेवावं, झोपावं, आणि पहाटे कोंबड्याबरोबर त्याच गाडीने परत यावं. चालक-वाहकांशी ओळख होते, आणि कुठल्या वाडीत कधी पालखी आहे, कुठे नमनाचा खेळ आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. फाल्गुनात शिमग्याच्या दिवसांत ही चौकशी जरूर करावी. तुमच्या पुरवणीत हॉटेलांचे फोन नंबर आहेत. आगाराच्या चौकशी खिडकीत मिळणारी ही माहिती कुठेच नाही.

शेवटी एक दुरुस्ती, ही मात्र छापाच. आपल्या आराखड्याच्या नकाशात राजापूर शहर आणि 'राजापूर रोड' रेल्वे स्टेशन यांना मिळून एकच ठिपका दिला आहे. स्टेशन शहरात नाही. मधे बरंच अंतर आहे, तेही डोंगरातल्या रस्त्याचं, आणि रात्रीच्या गाडीने उतरलेल्याला तिथे वाहन मिळेलच असं नाही. सामान आणि लहान मूल घेऊन तिथे उतरून 'गाव कुठे आहे' विचारणारी माणसं माझ्या एका ओळखीच्या रिक्षावाल्याने पुष्कळ बघितली आहेत. कृपया पुढच्या अंकात दोन ठिपके करावेत आणि मधे रस्ता दाखवावा. 'संगमेश्वर रोड'चा ठिपका आहे तिथेच राहू द्या, तो बरोबर आहे.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
लांजे, जि. रत्नागिरी